पाटी, पाऊल आणि नाव

तुकोबारायांच्या एका अभंगात तीन दृष्टांत एकापाठोपाठ येतात. वारकऱ्यांच्या कानांवरून तो अभंग शेकडो वेळा गेलेला आहे. लहान पोराला अक्षर यावे म्हणून शिकलेला पंतोजी स्वतः पाटी घेऊन बसतो, हा पहिला दृष्टांत. मूल चालायला लागले की आई त्याच्या बेताने पावले टाकते, हा दुसरा. आणि लोकांना पैलतीर गाठता यावा म्हणून नाव पाण्यातच राहते, हा तिसरा. संतांना स्वतःसाठी काही साधायचे उरलेले नसते, तरी जगासाठी ते आचरण करून दाखवतात, हा त्या अभंगाचा सिद्धांत.

कीर्तनात दृष्टांत पायरीसारखा असतो. त्यावर पाय ठेवायचा आणि सिद्धांताकडे चढायचे. आज मात्र मला त्या तीन पायऱ्यांवरच थोडे बसायचे आहे, कारण पंतोजी, आई आणि नाव या तिघांत मिळून पहिली-दुसरीच्या शिक्षकाचा सगळा धर्म आलेला आहे, असे मला वाटते.

आमचे उर्से पवन मावळातले. एका बाजूला द्रुतगती मार्गाचा टोलनाका, भोवती कारखाने, आणि मधून उरलेली भाताची खाचरे. कीर्तनाला उभे राहणे वयपरत्वे थांबले, तसे सकाळचे मोकळे बसणे वाढले, आणि पाठीवर दप्तर घेतलेली पोरे निरखण्याचा छंद जडला. गावातल्या शेतकऱ्यांची असतात, कारखान्यांत कामाला आलेल्या परप्रांतीयांचीही असतात. शिकवणारे गुरुजी आणि बाई पारावर कधी टेकतात, तेव्हा बोलणे निघते. त्यांच्याशी बोलताना एक प्रश्न मनात घर करून बसला. ज्याला सगळे येते, तो ज्याला काहीच येत नाही त्याच्यासाठी खाली उतरतो, तेव्हा ते उतरणे खरे असते की सोंग असते?

पूर्वपक्ष असा मांडता येईल. पंतोजीला ‘अ’ येतोच. तो पाटीवर ‘अ’ गिरवतो तेव्हा शिकत नाही, शिकण्याचे सोंग घेतो. म्हणजे लहानांना शिकवणे हे एक सोपे सोंग आहे, आणि सोप्या कामाला फारशी विद्वत्ता लागत नाही. आपल्या समाजाने हा पूर्वपक्ष मनोमन मान्यच केलेला आहे. महाविद्यालयात शिकवणाऱ्याला आपण मोठा मानतो, माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्याला बरा, आणि पहिलीच्या बाईंना म्हणतो, “तुमचे बरे आहे, अआइई तर शिकवायचे.”

याचे उत्तर एका साध्या गणितात मिळते. पहिली-दुसरीची पुष्कळ मुले ‘एकवीस’ लिहा म्हटले की 12 लिहितात. वरवर पाहणारा म्हणेल, पोराचे लक्ष नाही. पण कान देऊन ऐका. ‘एकवीस’ या शब्दात आधी ‘एक’ येतो, मग ‘वीस’. मुलाने ऐकले त्या क्रमाने लिहिले. आपली भाषा एकक आधी बोलते आणि आपले अंक दशक आधी लिहितात. ‘एकोणतीस’ला तर तिसाचे नाव घेऊन तिसाला एक कमी म्हणायचे असते. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशा रीतीने संख्या वाचणे आले, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला होता, ते पुष्कळांना आठवत असेल. कोणी त्याला भाषेवरचा घाला म्हटले, कोणी मुलांची सोय म्हटले. तो वाद बाजूला ठेवू. त्या निमित्ताने एक गोष्ट मोठ्या माणसांच्या ध्यानात आली. जे आपल्याला सहज वाटते ते सहज नाही. आपण ते कधी आणि कसे शिकलो, एवढेच आपण विसरून गेलो आहोत.

ज्या बाईंना ही अडचण दिसते त्या सोंग घेत नाहीत. त्या खरोखर त्या जागी जाऊन उभ्या राहतात, जिथे ‘एकवीस’ अजून माहीत नाही. आपल्याला येते ते थोडा वेळ दूर ठेवून, न येणाऱ्याच्या डोळ्यांनी त्या अंकाकडे पाहतात. माझ्या मते हे विद्वत्तेहून अवघड आहे. येणाऱ्याला येते, यात नवल कसले? येत असून न येण्याच्या जागी जाता येणे, याला अंतःकरण लागते. तुकोबारायांनी संतांना उपमा द्यायला लहानग्यांचा पंतोजी निवडला, तो उगीच नव्हे.

हे उतरणे किती खाली जाऊ शकते, याचे महाराष्ट्रातले उदाहरण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे. अनुताई आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या, जन्म 1910 चा. वयाच्या तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांत वैधव्य आले. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या. 1945 साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा अनुताई त्यांना जाऊन मिळाल्या. 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत गेले.

त्यांनी बालवाडी काढली, पण गरिबांची पोरे बालवाडीत येईनात. तेव्हा या बायांनी बालवाडीच उचलून पोरांच्या अंगणात नेली. पोरांचे तोंड धुवायचे, नाक पुसायचे, केस विंचरायचे, मग गाणी आणि गोष्टी. ‘अंगणवाडी’ हा आज गावोगाव बोलला जाणारा शब्द त्या अंगणांतून आलेला आहे. जी पोरे गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी शाळा कुरणात गेली. तिचे नावच ‘कुरणशाळा’. खेळायला आणि मोजायला वस्तू कोणत्या? चिंचोके, पाने, शंख, शिंपले, खडे. पाटी हाती घेणे म्हणतात ते हे. इथे एका पंतोजीच्या जागी सगळी शाळाच खाली उतरली. भक्त येत नाही तर देव त्याच्या दाराशी जातो, हे आपण पुंडलिकाच्या कथेत सांगतोच. मग अंगणात गेलेल्या शाळेकडे पाहून वारकऱ्याला तरी ओळख पटायला हवी.

मात्र उतरण्यात एक धोका आहे, आणि तो शास्त्रकारांनी ओळखलेला आहे. वेदान्तात स्थूलारुंधती न्याय आहे. अरुंधतीचा तारा बारीक, एकदम दिसत नाही. म्हणून दाखवणारा आधी तिच्याजवळचा मोठा ठळक तारा दाखवतो आणि म्हणतो, “ही पाहा अरुंधती.” नजर तिथे स्थिर झाली की म्हणतो, “आता ही सोड आणि तिच्या शेजारी पाहा.” पहिलीच्या बाई सांगतात, तिनातून पाच वजा होत नाहीत. पुढे मोठ्या वर्गात त्याच मुलाला कळते की होतात. मग बाई खोटे बोलल्या का?

नाही, पण एका अटीवर. मोठा तारा दाखवणाऱ्याने पाहणाऱ्याला तिथेच सोडून जाता कामा नये. आणि पोराने मध्येच विचारले, “बाई, ही खरंच अरुंधती आहे का?” तर त्याला दरडावता कामा नये. “आत्ता एवढे बघ, पुढे अजून आहे,” असे म्हणणारी शिक्षिका खरे बोलते. “प्रश्न विचारू नकोस, सांगितले तेवढे लिही,” असे म्हणणाऱ्याच्या तोंडी अगदी बरोबर वाक्य असले तरी तो दार लावून घेतो. लहानांना अर्धे सांगावे लागते, त्यात दोष नाही. अर्ध्यालाच पूर्ण म्हणून सांगणे, यात दोष आहे. हाच नियम घरी आजोबांना लागू आहे आणि देवळात बुवांनाही.

आता दुसरा दृष्टांत, पावलाचा. आईला झपाझप चालता येते, पण बोट धरलेल्या पोराला ओढत नेले तर ते पडते. म्हणून ती हळू चालते. तिला उशीर होतो आणि तो उशीर ती सोसते. शिकवण्याच्या कामातले पुष्कळसे तप या उशिरात आहे.

वर्गात तीस पोरे असली तर तीस चाली असतात. एकाला पंधरा दिवसांत मुळाक्षरे वाचता येतात, दुसऱ्याला दिवाळी उजाडते. बिहारकडून आलेल्या कामगाराचे पोर ‘कमळ’ला ‘कमल’ म्हणते, कारण त्याच्या घरच्या बोलीत ‘ळ’ नाही. त्याला अक्षर येते, पण जीभ अजून वळायची आहे. आपल्या मावळातल्या कातकरी कुटुंबांची गोष्ट आणखी निराळी. दिवाळीनंतर पुष्कळ घरे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. पोर बाराखडीच्या मध्यावर असते आणि शाळेतून नाहीसे होते. जूनमध्ये येते तेव्हा पुन्हा आरंभापासून. त्याच्यासाठी तेच पाऊल पुन्हा टाकणारा गुरुजी हजेरीपटावर मागे पडलेला दिसतो. देवाच्या वहीत तो कुठे असेल, ते वारकऱ्याला सांगायला नको.

याच ठिकाणी आपल्या मंडळींना एक नम्र विनंती करतो. अलीकडे सहा-सात वर्षांच्या मुलांना नारदाच्या गादीवर उभे करण्याची हौस फार वाढली आहे. फेटा, उपरणे, पाठ केलेले चरण, मोठ्यांसारखे हातवारे, आणि समोर मोबाइल धरलेले पालक. लहानपणी हरिपाठ कानी पडावा, टाळ हाती यावा, यासारखे भाग्य नाही. पण अर्थ कळण्याआधी टाळ्यांची चव लागली, तर पुढे अर्थाची भूक मरते. पोर स्वतःच्या बेताने नाचत असेल तर त्याला नाचू द्यावे. आपल्या कौतुकासाठी त्याचे बोट धरून ओढू नये. आईने पोराचे पाऊल पाहून चालायचे असते.

सावकाश चालण्यात नुसते सोसणेच आहे असे मात्र समजू नका. त्यात जो आनंद आहे तो भरभर चालणाऱ्याला मिळत नाही. पहिलीच्या बाईंना विचारा. पहिल्या आठवड्यात पोरे रडतात, एखादे चड्डी ओली करते, एखादे दाराकडे धावते. श्रावणापर्यंत तीच पोरे बाईंच्या पदराला लोंबकळतात. बाईंना हाक मारताना एखाद्याच्या तोंडून चुकून ‘आई’ निघते आणि वर्ग हसतो. पडलेला दुधाचा दात कागदात बांधून दाखवायला आणलेला असतो. कोणी रानातून बोरे आणून बाईंच्या टेबलावर ठेवते, त्यातली दोन वाटेत खाल्लेली असतात. आणि मग तो एक दिवस येतो. महिनोन्‌महिने सुटी सुटी वाचलेली अक्षरे एकाएकी जुळतात, ‘घ’ आणि ‘र’ मिळून ‘घर’ होते, आणि पोर मान वर करून बघते. ते डोळे पाहणे हेच त्या कामाचे खरे वेतन, असे एका गुरुजींनी मला सांगितले. समाधीचे वर्णन पोथीत पुष्कळ वाचले आहे, पण ‘कळले’ या क्षणाचा आनंद पहिलीच्या वर्गात इतका उघडा दिसतो की निरूपणाची गरज पडत नाही.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी माउलींनी असाच एक प्रसंग रंगवला आहे. लहान मूल बापाच्या ताटात हात घालते आणि बापालाच घास भरवू लागते. बापाला भूक नाही किंवा त्याला जेवता येत नाही, असे थोडेच आहे? तरी तो आनंदाने तोंड पुढे करतो. माउली हे श्रोत्यांना उद्देशून बोलतात. तुम्ही जाणते आहात आणि मी लहान होऊन तुम्हालाच सांगतो आहे, असा त्याचा भाव. शिकवणाऱ्याला हा प्रसंग उलट बाजूने उपयोगी आहे. पोर जेव्हा बाईंना सांगते, “बाई, तुम्हाला माहीत आहे का, मुंगीला सहा पाय असतात,” तेव्हा “माहीत आहे, खाली बस” म्हणणे म्हणजे पुढे आलेला घास झिडकारणे होय. बाईंनी कालच ते शिकवलेले असेल. तरी तोंड पुढे करावे. दिलेले ज्ञान पोराच्या हातून परत घेणे, हाही शिकवण्याचाच भाग आहे.

तिसरा दृष्टांत नावेचा, आणि इथे विषय गंभीर होतो. नावेत बसणारा माणूस तळाची फळी तपासून बसत नाही. मोठ्या माणसाला निदान शंका तरी घेता येते. लहान पोर संपूर्ण विश्वासाने बसते. आईबापांनी सांगितले, “गुरुजी सांगतील ते ऐक,” की त्याच्या लेखी प्रश्न संपला. शिकवणाऱ्याच्या हातात ही जी सत्ता येते तिच्यासारखी सत्ता राजाकडेही नसते. राजाच्या विरुद्ध प्रजा बोलते. सहा वर्षांच्या पोराला आपल्यावर अन्याय झाला हे ओळखायलासुद्धा शब्द नसतात.

जुन्या पंतोजींच्या शाळेतली छडी, अंगठे धरून उभे करणे, यांच्या गोष्टी लोक हसत हसत सांगतात. माराने विद्या येते असे मानणारे अजून आहेत. मार खाऊन शिकलेला माणूस म्हणतो, “मी बिघडलो का?” मी म्हणतो, तू शिकलास तो माराच्या आधी किंवा नंतर शिकलास. मार चालू असताना फक्त मार कळतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली, ते योग्यच झाले. पण कायदा शाळेच्या दारात थांबतो असे समजून देवळातल्या पखवाजाच्या वर्गात किंवा बालसंस्काराच्या शिबिरात हात उगारणे, हे वारकऱ्याला शोभत नाही. ज्याला आपण वारीत ‘माउली’ म्हणून पायांना हात लावतो, त्याच्या गालावर तोच हात कसा उठतो?

आणि याहून कठीण गोष्ट बोलायला हवी. विष्णुबुवा जोग महाराजांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. त्या परंपरेने महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनकार दिले. तिच्या पुण्याईवर विश्वास ठेवून लोक दूरदूरच्या गावांहून आपली लहान मुले आळंदीला पाठवतात. गेल्या काही वर्षांत मुलांना राहायला ठेवणाऱ्या काही खासगी ठिकाणी लेकरांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या. “संप्रदायाची बदनामी होईल, बोलू नका,” असे म्हणणारे आपल्यातच भेटतात. मला वाटते, संप्रदायाची बदनामी बोलण्याने होत नाही. नावेला भोक आहे हे ठाऊक असून पोरांना तिच्यात बसवत राहण्याने ती होते.

म्हणून पालकांनी एवढे तरी करावे. गळ्यात तुळशीची माळ आणि कपाळी बुक्का पाहून पोर सोपवू नये. ठिकाण स्वतः जाऊन पाहावे, मुले झोपतात कुठे, त्यांच्यासोबत रात्री कोण असते, हे विचारावे. न कळवता अधूनमधून जावे. पोर घरी आले की अभंग म्हणून दाखव म्हणण्याआधी, “तिथे तुला कोणाची भीती वाटते का?” एवढे विचारावे, आणि ते बोलले तर त्याचे खरे मानून चालावे. संकटातल्या मुलांसाठी 1098 हा दूरध्वनी क्रमांक आहे, तो मुलांना पाठ करून द्यावा. आणि शिकवणारा प्रामाणिक असेल तर असल्या विचारपूसने त्याला राग येणार नाही. ज्याची नाव धड आहे, तो नावाडी तळ दाखवायला कधीच कचरत नाही.

नावेचा आणखी एक गुण आहे. ती माणसाला पैलतीरी उतरवते, पण त्याच्याबरोबर त्याच्या गावाला जात नाही. माणूस काठावर पाय ठेवतो आणि मागे न पाहता चालू लागतो. तुम्हाला ‘अ’ कोणी शिकवला, सांगता येईल का? दहावीचे गुरुजी आठवतात, एखादे महाविद्यालयातले आठवतात. पहिलीच्या बाईंचा चेहरा बहुतेकांना धूसर झालेला असतो, आणि नावही आठवत नाही. पण तुम्ही हा लेख वाचत आहात, ज्ञानेश्वरी वाचता, गाथा वाचता, ते त्या विसरलेल्या माणसाच्या जोरावर. गीतेत निष्काम कर्म सांगितले आहे आणि त्याची उदाहरणे शोधायला आपण पुराणात जातो. ज्याच्या कामाचे फळ त्याच्या डोळ्यांआड पिकते, आणि ज्याच्यासाठी केले तोच त्याला विसरतो, असे काम रोज सकाळी आपल्या गावातच चाललेले असते.

मग त्याचे उत्तरदायित्व कोणापाशी? पोर जाब विचारू शकत नाही, कारण ते लहान आहे. मोठे झाल्यावरही विचारणार नाही, कारण तोवर विसरलेले असते. साहेब येऊन वह्या तपासतो, पण अंतःकरण तपासणारा साहेब अजून नेमलेला नाही. राहिला तो विटेवर उभा आहे तोच. जिथे कोणी विचारणारे नाही तिथे जो नीट वागतो, त्याचे शिकवणे ही पूजा आहे. आणि जिथे कोणी विचारणारे नाही म्हणून जो हात सैल सोडतो, त्याने कितीही वाऱ्या केल्या तरी त्याला पंढरी दूरच.

जूनच्या मध्याला शाळा उघडतात, आणि बहुतेक वर्षी त्याच सुमारास, ज्येष्ठ वद्य सप्तमीला, देहूहून पालखीचे प्रस्थान होते. आपण नव्या वाटेला लागतो तेव्हा पहिलीच्या बाई फळ्यावर पुन्हा ‘अ’ काढत असतात. गेल्या वर्षीची पोरे दुसरीत गेली. नाव रिकामी होऊन पुन्हा अलीकडच्या काठाला आली. वाटेत पुष्कळ दिंड्यांचा मुक्काम शाळांमध्ये पडतो. त्या वर्गांत आपण पथारी पसरतो, भिंतीवरची बाराखडी उशाशी असते. पहाटे निघताना तो वर्ग झाडून, खरकटे उचलून, बाके जागच्या जागी लावून निघावे. आणि तिथले गुरुजी किंवा बाई भेटल्या तर त्यांचे शिक्षण किती, पगार किती, हे न विचारता, दिंडीत एकमेकांना करतो तसा वाकून नमस्कार करावा.

रामकृष्ण हरी.